सोळा बिट की चोवीस बिट? तराजू, तांदूळ आणि कॉम्प्युटरचा आवाज

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी निवृत्तीनंतर चांगले हेडफोन घेतले आणि कॉम्प्युटरवर रोज तासभर ख्याल ऐकायला सुरुवात केली. एका संध्याकाळी मला वर बोलावून त्यांनी स्क्रीन दाखवली. विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये एक यादी उघडली होती. वरच्या ओळीत '१६ बिट, ४४१०० हर्ट्झ, सीडी क्वालिटी' आणि खाली '२४ बिट, ४८००० हर्ट्झ, स्टुडिओ क्वालिटी'. काका म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी कमी प्रतीचं ऐकत होतो का रे?"

हा प्रश्न आता बऱ्याच जणांना पडतो. ॲपल म्युझिकने जून २०२१ मध्ये २४ बिटांपर्यंतचा लॉसलेस, म्हणजे काहीही न वगळलेला, आवाज वेगळे पैसे न घेता दिला, सप्टेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायनेही २४ बिट लॉसलेस सुरू केलं. हेडफोनच्या खोक्यावर, लॅपटॉपच्या जाहिरातीत, सगळीकडे हे आकडे आहेत. १६ पेक्षा २४ मोठा, म्हणून तो चांगला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण बिट नेमकं काय मोजतात हे कळलं, तर आपले पैसे आणि आपली काळजी योग्य जागी जाईल.

आवाजाचे आकडे कसे होतात

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. माइक त्याचं विजेच्या चढउतारात रूपांतर करतो आणि कॉम्प्युटर ती वीज ठरावीक वेळाने मोजून आकडा लिहून ठेवतो. अशा एका मोजणीला सॅम्पल म्हणतात. सेकंदाला किती वेळा मोजलं तो सॅम्पल रेट, म्हणजे यादीतला हर्ट्झचा आकडा, आणि प्रत्येक वेळी किती बारकाईने मोजलं ती बिट डेप्थ.

सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज पूर्ण पकडता येतो, हे हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या कामातून सिद्ध झालेलं आहे. ४४,१०० चे निम्मे २२,०५०. तरुण निरोगी कान साधारण २०,००० पर्यंत ऐकतो, वय वाढतं तशी ही मर्यादा खाली येते. सॅम्पल रेटबद्दल इतकंच, कारण काकांचा प्रश्न बिटांचा होता.

आणि एक गोंधळ आधीच दूर करू. एमपी३ फाइलवर लिहिलेले '१२८' किंवा '३२०' हे आकडे बिट डेप्थचे नाहीत. ते बिटरेटचे, म्हणजे सेकंदाला किती हजार बिट खर्च केले त्याचे. एमपी३मध्ये काही आवाज कायमचे वगळलेले असतात. त्याने होणारं नुकसान वेगळ्या जातीचं असतं आणि बिटरेट फार कमी असेल तर ते सहज ऐकूही येतं.

वाण्याचा तराजू

आता बिट. दोन पारड्यांचा जुना तराजू डोळ्यांसमोर आणा. शेजारी वजनांची पेटी. तिच्यातलं प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मं: अर्धा किलो, पाव किलो, सव्वाशे ग्रॅम, असं उतरत जाणारं. प्रत्येक वजन एकतर पारड्यात ठेवायचं किंवा नाही ठेवायचं, तिसरा मार्ग नाही. ठेवलं तर एक, नाही तर शून्य. हे एक वजन म्हणजे एक बिट.

पेटीत आठ वजनं असतील तर सगळ्यांत लहान वजन साधारण ४ ग्रॅमचं येतं. किलोभर माल ४ ग्रॅमच्या टप्प्यांनी मोजता येईल, एकूण २५६ टप्पे. सोळा वजनं असतील तर टप्पे ६५,५३६ होतात आणि सगळ्यांत लहान वजन १५ मिलिग्रॅमचं. तांदळाचा एक दाणा साधारण २० मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे सोळा वजनांच्या पेटीने किलोभर तांदूळ मोजताना एका दाण्याचाही फरक पडत नाही. चोवीस वजनांच्या पेटीत टप्पे १,६७,७७,२१६. शेवटचं वजन एवढं हलकं की त्याच्या तोलाचा तुकडा हवा असेल तर तांदळाच्या एका दाण्याचे तीनशेच्या वर तुकडे करावे लागतील.

या उदाहरणातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पेटीत वजनं वाढवली म्हणून तराजू किलोपेक्षा जास्त तोलत नाही, आणि अर्धा किलोचं वजन अधिक 'चांगलं' होत नाही. वाढतो तो फक्त तळाचा बारकावा. आवाजातही तसंच आहे. बिट वाढवल्याने तबल्याची थाप भरदार होत नाही, गळा गोड होत नाही. मोजताना जी चूक राहते ती लहान होते, आणि ती चूक बहुतेक वेळा मंद 'सू' अशी ऐकू येते. एक बिट वाढवला की ही सू साधारण ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) खाली जाते. ८ बिटांत सर्वांत मोठ्या आवाजापासून ती ४८ डेसिबल खाली, १६ मध्ये ९६, २४ मध्ये कागदोपत्री १४४.

कागदोपत्री म्हणतो, कारण तराजू जगात कुठेतरी ठेवलेला असतो. वाऱ्याने पारडं हलतं. विजेच्या मंडलात ही हालचाल उष्णतेमुळे होते आणि ती पूर्ण थांबवता येत नाही. डिजिटल आकड्यांचा परत आवाज करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. बाजारातले उत्तमोत्तम डॅक १२० ते १३० डेसिबलच्या आसपास अडतात, म्हणजे वीस-एकवीस बिटांपाशी. शेवटची तीन वजनं पेटीत असतात, पण पारड्याच्या थरथरीपुढे ती ठेवली काय, न ठेवली काय, सारखंच.

पायऱ्यांचं चित्र

हा विषय समजावताना हमखास एक चित्र दाखवतात: एक गुळगुळीत लहर आणि तिच्यावर जिन्यासारख्या पायऱ्या. खाली लिहिलेलं असतं की बिट वाढवले की पायऱ्या बारीक होतात आणि आवाज 'मऊ' होतो. या चित्राने जेवढा गैरसमज पसरवला तेवढा क्वचितच कशाने पसरवला असेल. डॅकमधून जिना बाहेर पडत नाही. त्याच्या टोकाला गाळणी असते, ती सॅम्पलांच्या मधून जाणारी एकच सलग लहर तयार करते. १६ बिटांच्या डॅकची तार प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपला लावली तर पडद्यावर गोलाईदार लहरच दिसते. मोजणीतली चूक तिच्यात असते, पण ती सू म्हणून, पायऱ्या म्हणून नव्हे.

बिट खरोखर ऐकू यायचे तेव्हा

घरगुती कॉम्प्युटरच्या इतिहासात एक काळ असा होता की बिट कमी असल्याचं कुणालाही कळायचं. १९८१च्या आयबीएम पीसीचा स्पीकर एका बिटाचा होता: चालू किंवा बंद. त्यातून 'बीप' निघायचा. १९८२च्या कमोडोर ६४मध्ये सिड नावाची सुंदर चिप होती. स्वर ती स्वतःच निर्माण करायची, पण रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायची सोय तिच्यात नव्हती. मग प्रोग्रॅमरांनी तिचं आवाज कमी-जास्त करायचं बटण, ज्याला सोळाच टप्पे होते, ते सेकंदाला हजारो वेळा हलवलं आणि त्यातून माणसाचं बोलणं काढलं. चार बिटांचं बोलणं! खरखरीत, पण कळणारं.

१९८५च्या अमिगामध्ये पौला ही चिप आठ बिटांच्या चार वाहिन्या घेऊन आली. तिच्या बाबतीतली एक युक्ती मला फार आवडते, कारण ती थेट आपल्या तराजूसारखी आहे. प्रत्येक वाहिनीचा आवाज ० ते ६४ असा ठेवता यायचा. एका वाहिनीचा आवाज ६४ वर ठेवून तिच्यात जड वजनं टाकायची, दुसरीचा १ वर ठेवून तिच्यात हलकी, आणि दोन्ही एकत्र वाजवायच्या. आठ आणि सहा मिळून चौदा बिट. कंपनीने आठ वजनांची पेटी दिली होती, लोकांनी दोन पेट्या जोडून चौदाची केली.

पीसीवर सिंगापूरच्या क्रिएटिव्हने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर हे आठ बिटांचं आवाजाचं कार्ड आणलं आणि १९९२ मध्ये साउंड ब्लास्टर १६. पुढे 'मल्टिमीडिया पीसी' म्हणून जे कॉम्प्युटर आपल्याकडे घरोघरी आले, त्यांत सोळा बिटांची कार्डं रुळलेली होती. आठवरून सोळावर येताना फरक एवढा मोठा होता की तो कुणाला समजावून सांगावा लागला नाही. माझ्या मते 'बिट वाढले की आवाज सुधारतो' हा समज त्या वर्षांत पक्का झाला. तेव्हा तो खराही होता. सोळावरून चोवीसला जातानाही तसाच चमत्कार घडेल ही अपेक्षा मात्र त्यातून उरली.

तानपुरा विझताना

हा फरक घरी ऐकून बघता येतो. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम घ्या. तानपुऱ्याचं एखादं स्वच्छ रेकॉर्डिंग उघडा, शेवटी खर्ज छेडून तार आपोआप विझू दिली आहे असं. त्याचा आवाज २० डेसिबलने कमी करा, सेटिंगमध्ये डिथर (ते काय हे पुढे सांगतो) बंद करा आणि आठ बिटांत एक्स्पोर्ट करा. मग हेडफोनवर मोठ्याने ऐका.

तार छेडल्यावर सुरुवातीला जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा तो झणझणीत नाद, ओळखू येते, थोडी खरखर असते इतकंच. मग तार विझू लागते आणि जवारीतली झळाळी एकेक थर उतरवल्यासारखी जाते. उरलेला स्वर ओबडधोबड होतो, कुणी कागद घासतंय असं वाटतं. आणि एका क्षणी स्वर कापून टाकल्यासारखा थांबतो. तार अजून हलत होती, पण तिची हालचाल सगळ्यांत लहान वजनाच्या निम्म्याहून कमी झाली, म्हणून तराजूने शून्य लिहिलं.

आता डिथर चालू करून तेच परत करा. डिथर म्हणजे मोजण्याआधी मुद्दाम मिसळलेला अगदी हलका, अनियमित गोंगाट. हे ऐकायला उलटं वाटतं, आवाज सुधारायला गोंगाट घालायचा? पण तराजू आठवा. सगळ्यांत लहान वजन ४ ग्रॅमचं आहे आणि वस्तू एका ग्रॅमची. स्थिर तराजू दर वेळी शून्यच दाखवणार. पारडं हलकेच हलत ठेवलं तर चारांतल्या एखाद्या वेळी ४ दाखवेल, तीनदा शून्य. सरासरी काढा: एक ग्रॅम. पेटीत नसलेलं वजनही मोजलं गेलं. कान ही सरासरी आपोआप काढतो. म्हणून डिथर असलेल्या फाइलमध्ये एकसारखी सू ऐकू येते, आणि तानपुरा तिच्या आत विरघळत जातो, शेवटपर्यंत गोल, कुठेही न तुटता. आठ बिट तेच, पण तंबोऱ्याचा जीव राहतो.

सोळा पुरतात हे कशावरून

साधा हिशेब करू. गाण्यातला सर्वांत मोठा क्षण तुम्ही ९० डेसिबलवर ऐकताय, जे पुरेसं मोठं आहे. १६ बिटांची सू त्याच्या ९६ डेसिबल खाली, म्हणजे उणे ६ वर. माणसाच्या कानाचा उंबरठा साधारण शून्य डेसिबल धरतात. रात्री खिडक्या लावून शांत असलेल्या खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, पंखा सुरू केला की त्याहून कितीतरी जास्त. कानाला गोंगाटाच्या थोडं खालचंही कळतं हे खरं, पण इतकं खालचं नाही. तुलनेला कॅसेट घ्या. तिचा पल्ला साधारण ५० ते ६० डेसिबल, म्हणजे नऊ-दहा बिटांएवढा, आणि तिच्यावर आपण आयुष्यभर गाणी ऐकली.

सीडी ठरत असताना फिलिप्स १४ बिटांवर समाधानी होती. सोनीने १६चा आग्रह धरला आणि तोच मान्य झाला. ऑक्टोबर १९८२ मध्ये सीडी प्लेयर जपानच्या बाजारात आले. फिलिप्सकडे मात्र १४ बिटांचीच डॅक चिप तयार होती. त्यांच्या इंजिनिअरांनी ती चौपट वेगाने चालवली, मोजणीची बरीचशी चूक कानाच्या टप्प्यापलीकडे ढकलली आणि १६ बिटांच्या तोडीचं काम काढून घेतलं.

'पण मला फरक ऐकू येतो'

हे म्हणणारे खोटं बोलत नाहीत. फरक बहुधा असतोच, फक्त तो बिटांचा नसतो. २४ बिटांची आवृत्ती म्हणून जे विकतात ते अनेकदा नव्याने मास्टर केलेलं असतं, म्हणजे कुणीतरी मूळ टेपवरून आवाजाचा समतोल पुन्हा साधलेला असतो. तो चांगला असेल तर १६ बिटांत उतरवूनही चांगलाच राहतो. दुसरं, दोनांपैकी एक फाइल किंचित मोठ्याने वाजत असेल तर कान तिलाच 'अधिक स्पष्ट' म्हणतो, मोठ्याने वाजतेय हे जाणवतही नाही. म्हणून तुलना करायची तर आवाजाची पातळी काटेकोर सारखी हवी, आणि काय वाजतंय हे ऐकणाऱ्याला माहीत नको.

अशी तुलना ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी केली. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ती छापून आली. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झमधून काढून ऐकवला. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. फरक कळला तो फक्त आवाज खूप वाढवून शांत जागा ऐकल्यावर, आणि कळली ती सू. तराजूचं गणित जे सांगतं तेच.

याला दुसरी बाजू आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात बरोबर उत्तरं ५२.३ टक्के भरली, प्रशिक्षित कानांची त्याहून जास्त. फरक लहान, पण नुसत्या योगायोगाने आला असं म्हणता येत नाही असा. त्या अभ्यासांत सॅम्पल रेटचाही फरक होता, म्हणून हे सगळं श्रेय बिटांना देता येत नाही. तरी 'कुणालाच कधीच कळणार नाही' असं मी म्हणणार नाही. शंभरातल्या दोन-तीन उत्तरांएवढा हा फरक आहे, आणि हेडफोन बदलल्यावर पडणारा फरक पहिल्याच सेकंदाला कळतो.

मग स्टुडिओत चोवीस का

कारण तिथे गाणं अजून व्हायचं असतं. गायिका आलापात कुजबुजीएवढी खाली उतरेल आणि पुढच्याच तानेत किती वर जाईल, हे रेकॉर्डिस्टला आधी माहीत नसतं. डिजिटलमध्ये वरची कड ओलांडली की आवाज फाटतो आणि तो दुरुस्त होत नाही. म्हणून वर भरपूर जागा सोडून रेकॉर्ड करायचं असतं. १८ डेसिबल जागा सोडली तर तीन बिट गेले. सोळातले तीन जाणं खटकतं, चोवीसमधले गेले तर काहीच बिघडत नाही. शिवाय नंतर अनेक ट्रॅक मिसळायचे, कमी-जास्त करायचे, दर वेळी थोडी चूक जमा होणार. तळाला जागा असलेली बरी. घरी पॉडकास्ट करणाऱ्याने, रियाज रेकॉर्ड करणाऱ्यानेही २४च निवडावेत. त्याचा फायदा खरा आहे आणि फुकट आहे.

घरच्या कॉम्प्युटरवर आवाज खरा कुठे बिघडतो

काकांच्या हेडफोनमध्ये मी बघायला गेलो तेव्हा बारीक घरघर होती. माउस हलवला की तिचा सूर बदलायचा. कॉम्प्युटरच्या डब्यात प्रोसेसर, पंखे, ग्राफिक्स कार्ड सगळे विजेचा गोंधळ घालत असतात आणि पुढच्या जॅककडे जाणारी तार त्याच गर्दीतून जाते. या गोंधळापुढे १६ बिटांची सू कुठल्या कुठे खाली असते. डॅक डब्याच्या बाहेर काढणं हा यावरचा उपाय. यूएसबीला लावायचा साधा छोटा डॅक घेतला आणि घरघर गेली.

लॅपटॉपला बाहेरचे स्पीकर जोडल्यावर 'हम्म्' असा खर्ज ऐकू येत असेल तर तो ५० हर्ट्झचा, घरातल्या विजेचा. चार्जर काढून बघा. आवाज गेला तर अर्थिंग तपासा. आपल्याकडे तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावून काम चालवायची सवय आहे, आणि ती आवाजापेक्षा जिवाला जास्त धोक्याची आहे.

ब्लूटूथ हेडफोन असतील तर २४ बिटांची चिंता सोडाच, कारण बहुतेक ब्लूटूथ आवाज दाबून, काही भाग वगळूनच पाठवतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे मीटिंगसाठी हेडफोनचा माइक सुरू झाला की बऱ्याच कॉम्प्युटरांवर आवाज फोनच्या दर्जाचा होतो. गाणं अचानक डब्यातून आल्यासारखं वाटलं तर कुठला प्रोग्रॅम माइक धरून बसलाय ते बघा.

यादीत काय निवडायचं? २४ बिट, ४८००० निवडा आणि विसरून जा. आवाज कॉम्प्युटरवर ३० डेसिबलने कमी करून स्पीकरचा आवाज पूर्ण वर ठेवला तर पाच बिटांएवढा बारकावा जातो, आणि अशा वेळी चोवीसमधली जादा वजनं उपयोगी पडतात. काकांच्या कॉम्प्युटरवर मी तेच निवडून दिलं. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "घरघर गेली हे खरं. बाकी तेच आहे." कानांवर इतका विश्वास ठेवणारा माणूस मला आवडतो.

मग त्यांनी कपाटातून एक कॅसेट काढली. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या, घरच्याच टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. ही कॉम्प्युटरवर कशी घ्यायची, सोळात की चोवीसात? मी चोवीस म्हणालो. कॅसेटमध्ये दहाच बिटांचा ऐवज असला तरी जपणुकीच्या रेकॉर्डिंगसाठी जगभरचे ध्वनिसंग्रह किमान २४ बिटच सांगतात. टेप जुनी आहे, पुन्हा कितीदा वाजेल कुणी सांगावं, आणि पातळी चुकीची लावल्याने एखादी ओवी फाटली असं व्हायला नको. पण त्याआधी आम्ही डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. कापसाचे तीन बोळे तपकिरी झाले, चौथा पांढरा राहिला. मग रेकॉर्डचं बटण दाबलं, आणि आधी जात्याची घरघर आली, मग त्यांच्या आईचा आवाज.